सॉल्टी म्हणजे नुसतं खारट नव्हे



'सॉल्टी' हा शब्द आपल्याला नवा नाही. बिस्किटांच्या पुड्यावर, वेफर्सच्या पाकिटावर तो वर्षानुवर्षं वाचत आलोय. खारट, खारं, मीठ लावलेलं. मी बी.कॉम. झाले तेव्हा माझ्यापुरता त्याचा एवढाच अर्थ होता. पण हल्ली शाळा-कॉलेजातली मुलं हा शब्द खाण्यापेक्षा माणसांबद्दलच जास्त वापरतात. 'ती माझ्यावर सॉल्टी आहे', 'एवढं सॉल्टी व्हायला काय झालं?' अशी वाक्यं तुमच्याही कानावर पडली असतील. या एका शब्दानं मला गेलं वर्षभर बराच विचार करायला लावला. तो विचार इंग्रजीतून निघाला, आपल्या मिठाच्या बरणीपाशी थांबला आणि शेवटी कषायांपर्यंत गेला. म्हणून आज त्याविषयी लिहिते.

मे महिन्याच्या सुट्टीत आमची नात आली होती. दुपारी ती आणि तिचे आजोबा कॅरम खेळत बसायचे. एके दिवशी आजोबांची राणी कव्हर झाली नाही आणि डाव हातचा गेला. ह्यांनी काही न बोलता पेपर उचलला आणि जाऊन झोपाळ्यावर बसले. नात हसत आत आली. "आज्जी, आजोबा सॉल्टी झाले."

"रागावले म्हण की," मी म्हटलं.

"राग नाही गं. राग आला तर माणूस बोलतो, ओरडतो. सॉल्टी म्हणजे हरल्यावर आतल्या आत जे होतं ना, ते. आपल्याला कुणी बोलावलं नाही, दुसऱ्याला जास्त मार्क पडले, तेव्हा होतं तसं. आणि विचारलं की म्हणायचं, मला काही नाही झालं."

पंधरा वर्षांच्या मुलीनं इतकी नेमकी व्याख्या करावी याचं मला कौतुक वाटलं. मी तिला म्हटलं, "अगं, मग हे आपल्या मराठीत आहेच. याला आपण 'खार खाणं' म्हणतो. तो माझ्यावर खार खाऊन आहे, असं म्हणतात."

ती दोन मिनिटं माझ्याकडं बघतच राहिली. "खार? ती झाडावरची, शेपटीवाली? आज्जी, आपण जैन आहोत ना!"

मी इतकी हसले की डोळ्याला पदर लावावा लागला. मग तिला समजावून सांगितलं, की ती खार वेगळी आणि ही वेगळी. मला तरी हा शब्द मिठाच्या खाराची आठवण करून देतो. लोणच्याला सुटतो तो खार, खारे दाणे, समुद्रावरून येतं ते खारं वारं, सगळी एकाच घरातली मंडळी. 

नंतर मी तिच्या मोबाइलवर या इंग्रजी शब्दाची जरा चौकशी केली. मुरलेल्या जुन्या खलाशाला इंग्रजीत 'सॉल्ट' म्हणायची पद्धत आहे, कारण त्याचा जन्म खाऱ्या पाण्यावर गेलेला असतो. त्यामुळं खलाशांच्या तोंडची रांगडी, शिवराळ भाषा ती 'सॉल्टी'. चिडण्याचा अर्थ मात्र अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतून आला. कॅब कॅलोवे नावाचा जॅझ गायक होता. त्यानं १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या वादकमंडळींच्या बोलीचा एक छोटा कोशच काढला. त्या कोशात सॉल्टी म्हणजे रागावलेला, चिडखोर असा अर्थ दिलेला आहे. म्हणजे जो शब्द मी कालचा पोरकट समजत होते, तो माझ्याहून वयानं मोठा निघाला! अलीकडं तो मोबाइलवर आणि संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांनी उचलला आणि आपल्या घरापर्यंत आणला.

चवीचे शब्द माणसाला लावायची खोड सगळ्या भाषांना असावी. आपल्याकडं बघा. कुणी गोडबोल्या असतो, कुणाची जीभ तिखट, कुणाचं बोलणं कडवट. गप्पा अळणी होतात, बातमी खमंग असते. आंबट चेहरा आपण रोज बघतो; आंबटशौकीन म्हणजे काय ते मात्र नातीला समजावून सांगायचं मी टाळलं. मिठाचं तर विचारूच नका. खाल्ल्या मिठाला जागायचं, जखमेवर मीठ चोळायचं नाही, मीठमिरची लावून सांगायचं नाही, दृष्ट काढायला मीठमोहऱ्या. चांगल्या चाललेल्या गोष्टीत मिठाचा खडा पडतो. आणि सासुरवाशिणींना पाठ असलेली म्हण: नावडतीचं मीठ अळणी.

शब्द चवही बदलतात. संस्कृतात 'कटू' म्हणजे तिखट. तोच शब्द झिजून मराठीत 'कडू' झाला आणि अर्थच पालटला. चवीच्या शब्दांचं असं होत असतं, हे एकदा लक्षात आलं की मुलांच्या भाषेचा राग येत नाही.

आता आपल्या घरच्या शब्दाकडं येते. या सगळ्याचा विचार करताना एके दिवशी सामायिकाला बसले असताना मला एकदम जाणवलं, की आपण रोज जो शब्द उच्चारतो, क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, तो 'कषाय' हाही चवीचाच शब्द आहे. कषाय म्हणजे तुरट. आयुर्वेदातल्या सहा रसांतला एक. काढ्यालाही कषाय म्हणतात. आपल्या सीमाभागातल्या कानडी घरांतून तर 'कषाय' प्यायला मिळतो. आचार्य पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी टीकेत क्रोधादिकांना कषाय का म्हणायचं ते सांगितलं आहे. वडासारख्या झाडांचा तुरट रस जसा चिकटवण्याला कारण होतो, तसे क्रोध, मान वगैरे आत्म्याला कर्म चिकटायला कारण होतात, म्हणून ते कषायासारखे. कच्ची केळी चिरताना पदरावर चीक पडला तर तो डाग साडी फाटेपर्यंत जात नाही, हे आपल्याला कुणी ग्रंथातून शिकवायला नको. कषाय म्हणजे तो डाग.

आणखी एक गंमत सांगते. आयुर्वेदात सहा रस आहेत. पण पुद्गलाचे गुण सांगताना आपल्या शास्त्रात पाचच रस मोजले आहेत: तिखट, कडू, तुरट, आंबट, गोड. खारट त्या यादीत वेगळं नाही. आणि कर्म किती तीव्र फळ देणार, त्याला 'अनुभाग' म्हणतात, तो समजावतानाही आचार्यांना चवच आठवली. गोम्मटसारात पुण्यप्रकृतींच्या फळाला गूळ, खांड, साखर आणि अमृत अशा चढत्या गोडीची उपमा आहे. पापप्रकृतींना कडुनिंब, कांजीर, विष, हलाहल. म्हणजे नातीच्या पिढीनं मनाला जिभेची भाषा लावली यात नवीन काही नाही. आपले आचार्य ते हजार वर्षांपूर्वी करून गेले.

आता मुद्द्याचं. ज्यांच्या घरी मुनिमहाराजांच्या किंवा आर्यिकामाताजींच्या आहाराचा चौका लागतो, त्यांना मर्यादा माहीत असतात. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. लोणचं आज केलं ते उद्या चालत नाही. आणि कुटलेल्या मिठाची मर्यादा सगळ्यांत कमी, दोन घटका. म्हणजे ४८ मिनिटं. म्हणून सैंधव आदल्या दिवशी कुटून ठेवत नाहीत, ऐन वेळी कुटतात. माझ्या सासूबाई उखळात चार खडे घालताना घड्याळाकडं बघायच्या, ते मला अजून दिसतं.

गोम्मटसार कर्मकांडात आचार्य नेमिचंद्रांनी कषायांच्याही मर्यादा दिल्या आहेत. राग त्या त्या वेळी फार टिकत नाही, पण त्याचा जो संस्कार मागं राहतो, त्याला 'वासनाकाळ' म्हणतात. बरणी धुतली तरी लोणच्याचा वास राहतो तसा. संज्वलन कषायाचा वासनाकाळ अंतर्मुहूर्त, म्हणजे दोन घटकांच्या आतला. प्रत्याख्यानावरणाचा पंधरा दिवस. अप्रत्याख्यानावरणाचा सहा महिने. त्यापुढं गेला तर अनंतानुबंधी, जो जन्मोजन्मी बरोबर येतो. श्वेतांबर परंपरेत या मुदती जरा वेगळ्या आहेत: पंधरवडा, चार महिने, वर्ष आणि जन्मभर. पाण्यावरची रेघ, धुळीतली रेघ, जमिनीची भेग आणि दगडावरची रेघ, हे चार दृष्टांत तर आपण पाठशाळेत शिकलेलो आहोत.

मी वाणिज्य शाखेची. मला हे कोष्टक पाहिलं की हुंडीच्या मुदती आठवतात. मुदतीच्या हुंडीला कायद्यानं तीन दिवस जास्तीचे मिळतात, त्यानंतर ती थकीत. रागाचंही असंच आहे. पाक्षिक, चातुर्मासिक, सांवत्सरिक प्रतिक्रमण म्हणजे वेळोवेळी खातं बंद करून बाकी शून्यावर आणायची सोय. ज्याचं खातं बंद होत नाही, त्याची बाकी पुढच्या वहीत ओढली जाते. आणि आपल्या धर्मात पुढची वही म्हणजे पुढचा जन्म.

हे सगळं माझ्यासाठी नुसतं पाठांतर राहिलं नाही, त्याला कारण आमच्या वन्सं.

वन्सं ह्यांच्या मोठ्या बहीण. घरात सगळे त्यांना आक्का म्हणतात. सहा वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत आमच्या दाजींचं, म्हणजे आक्कांच्या यजमानांचं, नाव राहून गेलं. दाजी त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. 'कैलासवासी' म्हणून वरची सगळी नावं आली, तेवढं एकच राहिलं. पत्रिकेचं काम भावाभावांनी घाईत उरकलं होतं. आक्का लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या आणि जेवण न घेता गेल्या. त्यानंतर आमच्या घरी आल्या नाहीत. भाऊबीजेला भावाला ओवाळायला बोलावलं नाही. "छापखान्यात राहिलं, त्याला मी काय करू?" असं हे म्हणाले होते, आणि दोन्हीकडून गोष्ट तिथंच थांबली होती.

आक्का फार धार्मिक. आपल्याकडं वाराप्रमाणे रसत्याग करतात ना, रविवारी मीठ, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल, त्यातलं रविवारचं मीठ त्यांनी चाळीस वर्षं सोडलेलं आहे. अळणी जेवण चविष्ट कसं करावं हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आमटीला आमसूल आणि जिऱ्याची फोडणी, भाजीवर लिंबू, ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सुंठ, भाकरीच्या पिठात ओवा. मीठ नाही हे दोन घासांनंतर विसरायला होतं.

नात सुट्टीत असताना घरात आक्कांचा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, "आक्का अजून खार खाऊन आहेत." नातीला हा वाक्प्रचार आता येत होता. ती लगेच म्हणाली, "म्हणजे आक्काआजी सॉल्टी आहेत!" सगळे हसले. मी मात्र तिला म्हटलं, "नाही बाळ. हा शब्द आक्कांना लावू नकोस."

का, ते मला नंतर नीट उमगलं. सॉल्टी हा शब्द नेहमी जिंकलेला माणूस हरलेल्याला म्हणतो. त्यात समोरच्याचं दुखणं लहान करायची सोय असते. कॅरमच्या डावासाठी ते ठीक आहे. तिथं दुखणं लहानच असतं आणि हसून विरघळतं. पण जिचा नवरा वर्षापूर्वी गेला आणि माहेरच्या पत्रिकेतून त्याचं नाव गळलं, तिला सॉल्टी म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच. 'खार खाऊन आहे' हे वाक्यही तसंच. ते बोललं की आपली जबाबदारी संपते. खार त्या खातायत, आपण काय करणार! आणि दुसऱ्याचा कषाय कोणत्या प्रकारचा, त्याची मुदत किती, हे ठरवणारे आपण कोण? ते केवली जाणे. कोष्टक दिलंय ते स्वतःच्या वहीला लावायला.

त्या वर्षी दशलक्षण पर्वात पहिल्या दिवशी, उत्तम क्षमेवरचं प्रवचन ऐकून हे घरी आले, तेव्हा मी त्यांना हे कोष्टकच वाचून दाखवलं. सहा महिन्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मीच का जायचं?" मी म्हटलं, "आक्का आल्या पाहिजेत असं कुठं लिहिलंय? तुम्ही धाकटे." अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणी झाली. मंदिरात गावाला हात जोडून झाले. त्यानंतरच्या रविवारी हे आपण होऊन म्हणाले, "चल, आक्काकडं जाऊन येऊ."

रविवार, म्हणजे आक्कांच्या घरी अळणी. त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं आणि आमच्या दोघांच्या ताटांजवळ मिठाची वाटी ठेवली. ह्यांनी वाटी बाजूला सरकवली आणि तसंच जेवले. जेवताना कुणी काही बोललं नाही. हात धुऊन आल्यावर हे म्हणाले, "आक्का, दाजींचं नाव राहिलं ते राहिलं. पण मी त्याच दिवशी तुझ्याकडं यायला पाहिजे होतं. छापखान्यावर ढकलायला नको होतं."

आक्का म्हणाल्या, "एवढं म्हणायला सहा वर्षं लागली तुला."

रडारड झाली नाही, गळामिठी झाली नाही. निघताना त्यांनी मला अळणी मेथीच्या वड्यांचा डबा दिला, एवढंच. अजूनही येणं-जाणं पूर्वीसारखं नाही. पण फोन येतो, आणि गेल्या भाऊबीजेला हे सांगलीला जाऊन ओवाळून आले. आक्कांनी चाळीस वर्षं मीठ सोडलं, तरी मनातला खार गेला नव्हता, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. जिभेवरचं मीठ आपलं आपण सोडता येतं. मनातला खार सुटायला मात्र पुष्कळदा समोरच्यानंही चार पावलं यावं लागतं. क्षमा मागणं आणि क्षमा करणं, दोन्ही एकाच दिवशी ठेवली आहेत ती याचसाठी असावीत.

आता आमच्या घरात या शब्दाचा एक नियम झालाय. 'सॉल्टी' दुसऱ्याला म्हणायचं नाही, स्वतःबद्दल म्हणायचं. परवा सूनबाईच्या माहेरचा कार्यक्रम ठरला आणि तो तिला सगळ्यात शेवटी कळला. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, मी आज जरा सॉल्टी आहे, मला थोडा वेळ एकटीला पोळ्या करू द्या." मी कणीक तिच्याकडं सरकवली आणि बाहेर गेले. पोळ्या होईपर्यंत ती गुणगुणायला लागली होती. 'मला राग आलाय' म्हटलं की भांडण सुरू होतं, 'मला काही झालं नाही' म्हटलं की ते मुरतं. या दोन्हींच्या मधला, स्वतःचं दुखणं हसत कबूल करायचा शब्द आपल्याला हवाच होता. तो इंग्रजीतून आला म्हणून बिघडत नाही.

मैत्रिणींनो, यंदा दशलक्षणाच्या आधी तुम्हीही आपल्या वहीत बघा, कुणाची बाकी सहा महिन्यांच्या पुढं गेलीय का. असेल तर फोन करा, आणि जमलं तर जेवायलाच जा. रविवार असला तर मीठ मागू नका.

जय जिनेंद्र.